केबिनमधलं बोलणं

कॅनडातल्या डॉफिन गावात ओरेस्ट बोरिस्कोबद्दल कुणालाही विचारलं असतं, तर लोक म्हणाले असते, भला माणूस, पण मूग गिळून बसलेला. लग्न असो, चर्चचं जेवण असो की कुणाची मयत, तो कोपऱ्यातली खुर्ची धरायचा आणि कुणी काही विचारलं की मान हलवायचा. संसाराच्या सगळ्या वर्षांत त्याच्या वाटणीचं बोलणं त्याच्या बायकोनं, हलिनानंच उरकून टाकलं होतं. "याला बीट आवडत नाही," हे पाहुण्यांना ती सांगायची. "याचा गुडघा दुखतोय," हे डॉक्टरला ती सांगायची. पोरीच्या सासरच्यांना "आम्हाला हे पटलेलं नाही" असं तोंडावर ऐकवणारीही तीच. ओरेस्ट शेजारी उभा राहून टोपी हातात फिरवत असायचा.

हलिना गेली ती बर्फ वितळायला लागलं तेव्हा. कॅन्सर कळला आणि सहा आठवड्यांत सगळं आटोपलं. पोर व्हँकुव्हरहून आली, रडली, परत गेली. ओरेस्टनं घराला कुलूप घातलं आणि ट्रकवर गेला, कारण दुसरं कुठे जायचं ते त्याला सुचलं नाही. विनिपेगला माल भरायचा, कॅल्गरीला नाहीतर थंडर बेला उतरवायचा, तिकडचा माल घेऊन परतायचं. आठवड्यातले पाच दिवस त्याचं बिऱ्हाड ट्रकमध्येच असायचं. सीटच्या मागे अरुंद पलंग, त्यावर हलिनानं शिवलेली गोधडी, पायाशी बुटांची पिशवी.

एकदा रेजायनाच्या अलीकडे एका शेतात रानहंसांचा थवा उतरलेला दिसला. जमीन दिसत नव्हती इतके. आणि ओरेस्टच्या तोंडून निघून गेलं, "हलिना, बघ गं!"

तेवढ्यानं बांध फुटला. त्यानंतर केबिनमध्ये तो बोलतच सुटला. रस्त्यावर काय दिसलं, काय खाल्लं, पोरीचा फोन आला की नाही, आला तर ती कशी तुटक बोलली. मध्येच तो तिच्या आवाजात स्वतःला उत्तरही द्यायचा: "यिझाचोक, कोट घाल आधी, मग बाहेर पड." यिझाचोक म्हणजे त्यांच्या युक्रेनियन भाषेत साळिंदरासारख्या काटेरी प्राण्याचं पिल्लू. सकाळी त्याची दाढी टोचायची म्हणून नवीन लग्न झाल्यापासून ती त्याला तसं म्हणायची, तेही दार लावलेलं असतानाच. पोरीलासुद्धा ते नाव माहीत नव्हतं.

त्याच वर्षी कंपनीनं सगळ्या ट्रकांत कॅमेरे बसवले. एक डोळा रस्त्याकडे, एक ड्रायव्हरकडे. मॅनेजर रसेलनं विनिपेगच्या यार्डात सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "घाबरू नका रे. जोरात ब्रेक लागला, धडक बसली, तरच हा उघडतो. तुमच्याच भल्याचं आहे. उद्या कुणी खोटा आळ घेतला तर हाच तुमचा साक्षीदार." सगळ्यांनी सह्या केल्या. ओरेस्टनंही केली. त्याला त्या डोळ्याचं काही वाटलं नाही. त्यानं आयुष्यात कधी कुणाला धडक दिली नव्हती.

हिवाळा आला. तिकडच्या थंडीत ट्रकचं इंजिन बंद करून झोपण्याची सोय नाही, आत माणूस गोठेल. म्हणून गाडी उभी असली तरी इंजिन रात्रंदिवस गुरगुरत असतं. ओरेस्ट गोधडी ओढून पडायचा आणि गुरगुरण्याच्या आधारानं हलिनाशी बोलत राहायचा.

बोलण्यासारखं आता बरंच होतं. सुट्टीच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये बायका विक्रीसाठी पिरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, करायच्या, आणि बटाट्याची पोती उचलायला कुणीतरी पुरुष लागायचा. त्या कामावर देखरेख असायची व्हेरा तान्चुकची. व्हेरा विधवा, धिप्पाड, कोपरापर्यंत पिठानं माखलेली आणि जिभेला हाड नसलेली. ओरेस्टला सोलायला बसवून ती थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, तू बटाटे सोलतोयस की त्यांच्यावर सूड उगवतोयस? साल कुठली आणि बटाटा कुठला!"

ओरेस्ट हसला. स्वतःच दचकला इतका मोठ्यानं हसला.

पुढच्या फेरीत त्यानं हलिनाला सांगितलं. "परवा हसलो गं. तुला राग तर नाही ना आला?" मग हिवाळाभर ते वाढत गेलं. "तिचे हात गरम पाण्यानं लाल झालेले असतात. मला ते हातात धरावेसे वाटतात. तूच सांग आता, मी काय करू? रात्री दहादा उठतो, गुडघा कामातून गेलाय, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला कोण उभं करणार? आणि विचारलं न् ती फिदीफिदी हसली तर? तू हो म्हणालीस तरच विचारेन." हे सगळं तो जिला सांगत होता ती चर्चच्या मागे स्प्रूसच्या झाडाखाली पुरलेली होती. म्हणूनच तर सांगत होता.

फेब्रुवारीत एके दिवशी ऑफिसातल्या ट्रिनाचा फोन आला. ट्रिना म्हणजे ड्रायव्हरांना कुठे जायचं ते सांगणारी पोरगी, गोड बोलायची, सगळ्यांची चौकशी करायची. पत्ता सांगून झाल्यावर ती म्हणाली, "हळू जा हं, रस्ता काचेसारखा झालाय. बाय, यिझाचोक!" आणि हसून फोन ठेवला.

ओरेस्टचा ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप ढिला पडला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. आपल्याला भास झाला, असं त्यानं स्वतःला समजावलं. ती दुसरंच काहीतरी म्हणाली असेल. तिची जीभ तरी वळेल का त्या शब्दाला?

जूनमध्ये कंपनीनं यार्डात जेवण ठेवलं. शेगडीवर बर्गर, उकडलेली कणसं, कुणाच्या तरी ट्रकमधून गाणी. ओरेस्ट ताटली घेऊन सावलीच्या कडेला उभा होता. तेवढ्यात ऑफिसातला कोडी, दाढी कोरलेला, तोंडात घास असलेला, त्याच्याजवळ आला आणि खांद्यावर थाप मारून म्हणाला, "मग काय बाबा, व्हेराला विचारलं की नाही अजून? माझी पैज लागलीय तुझ्यावर. नाक कापू नकोस माझं!"

दोघंतिघं खो खो हसले. ट्रिनानं कोडीला कोपर मारलं.

ओरेस्टच्या हातातली कागदी ताटली वाकली आणि कणीस घरंगळत खडीत पडलं. त्याला हसण्याचा आवाज येत होता, पण लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. व्हेरा. या पोरानं व्हेराचं नाव घेतलं. याला कुणी सांगितलं? व्हेरानं? छे, तिला स्वतःलाच कुठे माहीत होतं. पोरीनं? तिला तर व्हेरा कोण हेही ठाऊक नाही. साऱ्या जगात ही गोष्ट त्यानं एकट्या हलिनाला सांगितली होती. क्षणभर, फक्त क्षणभर, त्याच्या मनात असं वेडं काहीतरी येऊन गेलं की हलिनानंच हे कुणाच्या तरी कानावर घातलं. तिला कुठलीही गोष्ट पोटात ठेवायची सवय नव्हतीच.

तो ट्रेलरांच्या मागे जाऊन उभा राहिला. ट्रिना त्याच्या मागोमाग आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुणी सांगितलं?" ओरेस्टनं विचारलं.

"कुणी नाही." ती बुटानं खडी उकरत होती. "तुम्हीच."

"मी?"

"म्हणजे… आम्हाला ऐकू येतं. पडद्यावर सगळ्या केबिन असतात ना, कुठलीही उघडता येते. इंजिन चालू असलं की कॅमेरा चालू असतो. आवाजसुद्धा."

"ब्रेक लागला की उघडतो म्हणाले होते."

"आधी तसं होतं."

ओरेस्टनं उभ्या ट्रकांच्या रांगेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "झोपतो तेव्हा?"

ट्रिनानं मान खाली घातली.

"माझ्या मनात खरंच वाईट काही नव्हतं हो," ती भराभर बोलू लागली. "पहिल्यांदा चुकून ऐकलं, मला रडूच कोसळलं. मी कोडीला ऐकवलं. मग जेवणाच्या सुट्टीत सगळेच यायला लागले. 'आज ओरेस्टचा काय भाग आहे?' म्हणून…"

"भाग?"

"मालिकेसारखा," ती म्हणाली आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिनं तोंडावर हात दाबला.

ओरेस्ट ट्रेलरच्या पायरीवर बसला. तो रागावला नव्हता, राग नंतर आला. त्या घटकेला त्याला फक्त एवढंच कळत होतं, की गेला अख्खा हिवाळा तो एकटा नव्हता. त्या पलंगाच्या कडेला बर्गर खाणारी माणसं बसलेली होती. तो डोळे पुसत होता तेव्हाही. तो चड्डीवर उभा राहून बाटलीत लघवी करत होता तेव्हाही.

सोमवारी तो रसेलच्या खोलीत गेला.

"मस्करी होती रे," रसेल म्हणाला. "पोरांना समज देतो मी. एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

"तुम्ही ऐकत का होता?"

"विमावाल्यांना हवं होतं. झोप येते का, फोनवर बोलतोस का, ते कळायला नको? आणि हे बघ ओरेस्ट, ट्रक कंपनीचा आहे. ती कामाची जागा आहे. ऑफिसात बसून कुणी बडबडलं तर शेजारच्याला ऐकू जाणारच ना?"

"ऑफिसात तू चड्डीवर झोपतोस का रे, रसेल?"

रसेल खुर्चीत सरळ होऊन बसला. ओरेस्टनं त्याला इतकं लांब वाक्य कधी ऐकवलं नव्हतं.

"तू सही केलीयेस," रसेल म्हणाला. "कंपनी वेळोवेळी बदल करू शकते, असं त्यात लिहिलं होतं."

"बदललं तेव्हा सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस."

बाहेर डिझेलच्या पंपावर गुरनाम उभा होता, ब्रॅम्प्टनहून इकडे आलेला सरदार ड्रायव्हर. ओरेस्टनं त्याला सगळं सांगितलं. गुरनाम आधी हसला. "पाजी, मग मी वाचलो म्हणायचं! बायकोशी रोज फोनवर भांडतो, पण पंजाबीत. त्यांना काय घंटा कळणार?" मग त्याचं हसू जागच्या जागी विरलं. "पण पाजी… मी सकाळी पगडी सोडतो, केस विंचरतो, पाठ म्हणतो. तेव्हा माझी मुलगीसुद्धा तशीच खोलीत येत नाही, आधी दार वाजवते." दोघंही त्याच्या ट्रकच्या काचेकडे बघत राहिले. आतल्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा जळत होता. पंपाची नळी टाकीतच होती, इंजिन बंद करायचं गुरनाम विसरला होता.

आता व्हेराला सांगणं भाग होतं. तिच्या नावावर पैजा लागत होत्या. ओरेस्ट तिच्या स्वयंपाकघरात टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि त्यानं एकेक शब्द उपसून काढत सगळं सांगून टाकलं. कॅमेरा, ट्रिना, कोडी, पैज. व्हेरानं आधी ओटा पुसायचं थांबवलं, मग फडकं खाली ठेवलं.

"काय म्हणालास तू माझ्याबद्दल?"

"हातांबद्दल."

"हातांबद्दल काय?"

तो घुटमळला. तिनं सगळं वदवून घेतलं. ऐकता ऐकता तिची मान लाल होत गेली.

"म्हणजे सगळ्या विनिपेगला माहीत, तुझ्या मेलेल्या बायकोला माहीत, आणि मला नाही!" ती ओरडली. "मी इथे पिरोही लाटत बसलेय आणि तिकडे कुणीतरी माझ्यावर पैज लावून बसलाय! मी काय घोडी आहे? ते ऐकायचा पहिला मान माझा होता, ओरेस्ट. तो गेला. आता तू माझ्यासमोर उभा राहून हे म्हणालास तरी मला त्या पोराचं हसणंच ऐकू येणार."

"माझी चूक…"

"तुझी चूक असती तर तुला लाटण्यानं झोडपलं असतं! जा आता. मला बोलवत नाही."

दुसऱ्या दिवशी ओरेस्टनं त्या डोळ्यावर काळी चिकटपट्टी लावली. ट्रक जिवाच्या आकांतानं पीं पीं करू लागला. ब्रँडन गावाच्या पुढे जाईपर्यंत त्याला गाडी वळवून आणायचा हुकूम आला, आणि यार्डात पोचल्यावर किल्ली मागून घेतली गेली. सुरक्षेच्या यंत्राशी छेडछाड, असं कारण. त्याला वाटलं होतं दम देतील. वर्षानुवर्षं ज्या माणसानं एक आरसा फोडला नाही, त्याला एका चिकटपट्टीवरून घरी पाठवतील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. गोधडी काखेत मारून तो बसनं डॉफिनला आला. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, सहलीहून आलात का? त्यानं मान हलवली.

बरेच दिवस तो घराबाहेर पडला नाही. एकदा दुपारी दार धडाधडा वाजलं. व्हेरा होती, हातात झाकलेलं भांडं.

"बीट नाहीये त्यात," ती म्हणाली आणि सरळ आत येऊन बसली. "मी चौकशी केलीय. ओटावात सरकारचं ऑफिस आहे, लोकांच्या खासगी गोष्टी कोण चोरून बघतं-ऐकतं त्याच्या तक्रारी तिथे घेतात. तुझा ट्रक एका प्रांतातून दुसऱ्यात जातो ना? मग तुझं प्रकरण त्यांच्याकडेच येतं. तक्रार कर."

"मला बोलता येत नाही असं."

"हिवाळाभर बोलत होतास की! मी बसते शेजारी. पण बोलायचं तू."

तक्रार गेली. गुरनामनंही आपलं नाव घातलं, रसेल काय म्हणेल याची पर्वा न करता. पानं गळून गेल्यावर विनिपेगला एक चौकशी अधिकारी आला. शांत, चष्मेवाला, प्रत्येक प्रश्नाआधी "तुमची हरकत नसेल तर" म्हणणारा. कंपनीनं काही ध्वनिफिती साठवून ठेवल्याचं निघालं होतं, वेगळ्या करून, नावं देऊन.

"त्या मला ऐकाव्या लागतील, श्री. बोरिस्को," तो म्हणाला. "किती खासगी होतं ते ऐकल्याशिवाय ठरवता येणार नाही."

ओरेस्ट त्याच्याकडे बघतच राहिला. आपलं बोलणं आपलं होतं हे सिद्ध करायला ते आणखी एका परक्याच्या कानात घालायचं? यापेक्षा सगळं सोडून घरी जावं, असं त्याला वाटलं. त्यानं टोपी उचललीसुद्धा.

"ऐकू दे," व्हेरा म्हणाली. "पण मीही इथेच बसणार. सगळ्यांनी ऐकलंय, मी एकटीच राहिलेय."

अधिकाऱ्यानं बटण दाबलं. आधी इंजिनची गुरगुर, मग गोधडीची सळसळ, आणि मग ओरेस्टचा आवाज. व्हेरानं तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. अडखळत नव्हता, थांबत नव्हता, अगदी घरातला आवाज होता तो. तो हलिनाला सांगत होता की परवा हॉलमध्ये व्हेराला पोतं उचलताना कळ आली, तिनं कुणाला कळू दिलं नाही, पण त्यानं पाहिलं. "ती एकटीच सोसते गं. तुझ्यासारखं ओरडून सांगत नाही. मला वाटतं, तिला जाऊन म्हणावं…"

"बंद करा!" व्हेरा ताडकन उठली. तिचे दोन्ही हात टेबलावर टेकलेले होते. "बंद करा ते. पुढचं या यंत्राकडून नको मला."

अधिकाऱ्यानं बंद केलं. चष्मा काढून तो बराच वेळ पुसत बसला.

निकाल यायला पुढचा उन्हाळा उजाडला. कंपनीचं चुकलं, असं त्या कार्यालयानं स्पष्ट म्हटलं. आवाज घेणं बंद करायचं, गाडी उभी असताना कॅमेऱ्यावर झाकण, साठवलेलं सगळं पुसून टाकायचं. कंपनीनं मान्य केलं. खरंच पुसलं की नाही, ते कोण जाऊन बघणार? ट्रिनाला काढून टाकलं. जिनं खरं सांगितलं तिलाच. कोडी आणि रसेल आपापल्या खुर्च्यांवर होते. हे ऐकून ओरेस्टला किल्ली काढून घेतली होती तेव्हासारखाच धक्का बसला. त्यानं ट्रिनाला फोन केला आणि "पोरी, जेवलीस का?" एवढंच विचारलं. ती पलीकडे रडत होती.

त्याला परत कामावर यायला सांगितलं गेलं. तो गेला नाही. सध्या तो गावाजवळच्या एका शेतकऱ्याचा गव्हाचा ट्रक चालवतो. ट्रक इतका जुना आहे की खिडकी हातानं वर ढकलावी लागते. पहिल्या दिवशी त्यानं टपापासून सीटखालपर्यंत सगळीकडे हात फिरवून पाहिला, तेव्हा मालक म्हणाला, "काय शोधतोयस? उंदीर असतील, बाकी काही नाही."

पण त्या केबिनमध्येही ओरेस्टच्या तोंडून शब्द निघत नाही. शेताकडेला हंस उतरतात, तो बघतो, ओठ उघडतो आणि आरशाच्या वरच्या रिकाम्या जागेकडे नजर जाते. हलिनाशी बोलायचं असलं की तो आता स्प्रूसच्या झाडाखाली जातो, आणि तिथेही आधी मागे वळून बघतो.

व्हेराला त्यानं विचारलं ते सप्टेंबरात, बटाटे खणताना. तिनंच दोघांचे फोन घरात ठेवायला लावले होते. वाफ्याच्या पार टोकाला गेल्यावर ती म्हणाली, "हं, आता बोल." काय बोलणं झालं ते गावाला माहीत नाही. शेजारच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या म्हातारीनं एवढंच पाहिलं, की ओरेस्ट बराच वेळ बोलत होता, टोपी न फिरवता, आणि व्हेरा मातीनं भरलेले हात पुढे धरून नुसती ऐकत होती.